पेपर पाठवण्याआधी जर्नल असं तपासा

नवे सहकारी आणि पीएचडीचे विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'मॅडम, लवकर कुठे छापून येईल?' सरकारी विद्यापीठात बढतीची फाइल अडलेली असते, खासगी विद्यापीठात वर्षाचं टार्गेट डोक्यावर असतं. घाई मला कळते. तरी मी आधी त्यांची संदर्भसूची उघडायला लावते. गेल्या चार-पाच वर्षांतले जे लेख तुम्ही स्वतः वापरलेत, ते कुठे छापून आलेत? त्यातली दोन-तीन जर्नल्स निवडा. तुमच्या विषयाचे वाचक तिथेच आहेत.

'आदरणीय प्राध्यापक, आपला बहुमोल लेख पाठवा, ७२ तासांत स्वीकृती' अशी मेल आली तर डिलीट करा. समीक्षकाला पेपर नीट वाचून, आकडे पडताळून लिहायला आठवडे लागतात, बरेचदा महिने. तीन दिवसांत पेपर स्वीकारला जातो तेव्हा तो कुणी वाचलेला नसतो. जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका पेरलेला एक बनावट पेपर ३०४ मुक्त-प्रवेश, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या, जर्नल्सना पाठवला होता. त्याचा वृत्तांत २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला, आणि तोवर १५७ जर्नल्सनी तो स्वीकारला होता!

यापेक्षा फसवा प्रकार म्हणजे चोरलेलं जर्नल. नाव खरं, आयएसएसएनचे म्हणजे जर्नलच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे आठ अंकही खरे, फक्त वेबसाइट भामट्यांची. म्हणून मेलमधल्या लिंकवरून कधीच जाऊ नका. आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाका, प्रकाशकाच्या मुख्य साइटवरून जर्नलपर्यंत या आणि दोन्ही पत्ते जुळतात का बघा. मुक्त-प्रवेश जर्नल असेल तर डीओएजे या तपासलेल्या मुक्त-प्रवेश जर्नल्सच्या ऑनलाइन यादीत शोधा. मग संपादक मंडळातली दोन नावं घ्या. त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का? नसेल तर सरळ त्यांनाच मेल करून विचारा. शेवटी, अलीकडच्या अंकातला एक लेख पूर्ण वाचा. हे काम बहुतेक जण टाळतात, पण जर्नलचा दर्जा त्यातच उघडा पडतो.

एवढी खातरजमा का, तर एक पेपर एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवायचा असतो. बोगस ठिकाणी अडकला की 'पेपर मागे घ्यायचा तर पैसे भरा' असं सुरू होतं, आणि तुमची दोन वर्षांची मेहनत ओलीस राहते. हे पाहून माझा जीव तुटतो.

पैसे मागितले म्हणून जर्नल बोगस ठरत नाही. अनेक चांगली मुक्त-प्रवेश जर्नल्स फी घेतात. मात्र ती किती हे वेबसाइटवर आधीच लिहिलेलं हवं. सवलतीचा अर्ज पेपर पाठवतानाच करा, स्वीकृतीनंतर सहसा कुणी ऐकत नाही. ग्रंथपालांनाही विचारा, विद्यापीठाचा प्रकाशकाशी करार असेल तर फी भरावीच लागत नाही. वर्गणीवर चालणारी बरीच जर्नल्स लेखकाकडून काहीच घेत नाहीत, आणि स्वीकृत मसुदा ठरावीक मुदतीनंतर विद्यापीठाच्या संग्रहात ठेवू देतात.

लेखकांचा क्रम मात्र पेपर पाठवण्याआधीच ठरवा, आणि तोही लेखी. ज्याने काम केलं नाही त्याचं नाव घालू नका, मग तो विभागप्रमुख का असेना. विद्यार्थ्याने वर्षभर प्रयोगशाळेत घाम गाळला असेल, तर पहिलं नाव त्याचंच.