माडाची हिरवी झावळी तोडू नका

पावसाळा तोंडावर आला की परसातला माड ‘साफ’ करून घ्यायची घाई होते. चार झावळ्या शेंड्यावर उभ्या ठेवून बाकीचा माड भादरलेला पाहिला की मला तरी वाईट वाटतं. माडाला वर्षाला साधारण बाराच नव्या झावळ्या येतात आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यातून एक पोय, म्हणजे फुलोरा, निघते. हिरवी झावळी गेली की तिच्या पोयीचा आधार जातो, घड लोंबकळतो आणि फळगळ होते.

पाडेलीला, म्हणजे नारळ पाडायला माडावर चढणाऱ्याला, एवढंच सांगा: पूर्ण सुकलेल्या, खाली लोंबणाऱ्या झावळ्या, सुकलेल्या पोया आणि तयार नारळ काढ. पिवळटलेली झावळीही राहू दे. पालाश (पोटॅशियम) कमी पडलं की माड ते जुन्या पानांतूनच वर ओढतो. विजेच्या तारेमुळे हिरवी तोडावीच लागली, तर खोडापासून चार फूट देठ सोडून तोडा. खोडाजवळच्या ओल्या जखमेच्या वासावर माड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो. चढायला खोडात खाचाही पाडू देऊ नका. आंब्याची साल भरून येते, माडाची जखम कधीच भरत नाही.

माणूस वर गेलाच आहे तर शेंडाही बघून घेऊ द्या. नवी झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसली तर ते काम कोवळा शेंडा खाणाऱ्या गेंड्या भुंग्याचं. तारेच्या आकड्याने तो बाहेर ओढायचा आणि बेचक्यात दोन-तीन डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकायची.

तोडलेल्या झावळ्या जाळू नका, आळ्यात पसरा.