कोयत्याबरोबर जाईल अशी दिवाळीची भेट

दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा आमचा दुसरीचा वर्ग जवळजवळ अर्धा झालेला असतो. आमची जिल्हा परिषदेची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आहे. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की गावातले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, ट्रक-ट्रॅक्टरनं साखर कारखान्यांकडे निघतात ते थेट मार्च-एप्रिलला परततात. काही लेकरं आईबापाबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात, म्हणजे मागं राहणाऱ्या लेकरांच्या जेवणाच्या सोयीत, नाव घालून आजीपाशी राहतात. पहिल्या सत्राची परीक्षा उरकल्यावर सुट्टीआधीचे जे चार दिवस हातात असतात, ते मी कार्यानुभवाला देते. त्या चार दिवसांत २२ लेकरांकडून काय करून घ्यायचं आणि कसं, ते इथं लिहिते आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गाकडून काचेच्या बरण्या रंगवून घेतल्या होत्या. वर टिकल्या. लेकरांच्या टिकल्या वाकड्या बसत होत्या म्हणून मी संध्याकाळी थांबून त्या सगळ्या स्वतः नीट लावल्या. शेवटच्या दिवशी एका मुलीची आई म्हणाली, “मॅडम, भांड्याच्या पोत्यात काच कशी न्यायची?” ती बरणी एप्रिलपर्यंत कपाटात होती. मुलगी परत आली तेव्हा तिला तिची बरणी ओळखताच आली नाही, कारण त्यावर तिचं काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून भेटवस्तू ठरवताना मी दोन गोष्टी पाहते. ती चपटी होऊन वहीत मावली पाहिजे, आणि शेवटचा हात लेकराचाच फिरला पाहिजे.

आधी खळ

बाटलीतला गोंद २२ जणांना पुरत नाही आणि सहा-सात वर्षांच्या बोटांना तो आवरतही नाही. मैद्याची खळ करा. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या. मग उरलेलं पाणी घालायचं, सगळं मिळून चार वाट्या. मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. पांढरटपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची. गार झाल्यावर ती घट्ट होते, म्हणून चुलीवर थोडी पातळच ठेवावी. दोन दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्यावी. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची. शाळेत ते अजिबात नको, मोरचूद विषारी असतं आणि या वयाची लेकरं बोटं चाटतात. प्रत्येक गटाला एका करवंटीत खळ आणि शेजारी पुसायला ओलं फडकं, एवढं पुरतं.

कंदील

लागणारं सामान: प्रत्येकी एक ए-फोर आकाराचं रंगीत कार्डशीट, पतंगी कागद (एका तावातून साधारण चार कंदील निघतात), बोथट टोकाच्या कात्र्या. माझ्याकडे आठच कात्र्या आहेत, म्हणून तिघांत एक. एक कापतो, दुसरा कागद धरतो, तिसरा रेघा मारतो, मग पाळी बदलते. यात भांडणं कमी होतात आणि मला आठ ठिकाणीच लक्ष ठेवावं लागतं.

पहिल्या दिवशी फक्त रद्दीवर. हे टाळू नका. कार्डशीट फाटलं की लेकरू रडतं, वर्तमानपत्र फाटलं तर हसतं.

कागद लांबीवर मधोमध दुमडायचा, म्हणजे १०.५ सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी होते. जिथं दुमड आहे त्या कडेला हिरव्या खडूनं रेघ मारायची आणि उघड्या कडांपासून २ सेंटिमीटर आत लाल रेघ. हिरव्यापासून निघायचं, लालपाशी थांबायचं. या दोन रंगांशिवाय निम्मा वर्ग उघड्या कडेकडून कापायला लागतो आणि कंदिलाच्या सुट्या पट्ट्या होतात. मी हे दरवर्षी पाहते. चिरांमध्ये मोजपट्टीच्या रुंदीएवढं, साधारण २ सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे १४ चिरा बसतात. बारीक पट्ट्या छान दिसतात, पण या वयाच्या हाताला त्या झेपत नाहीत. कात्री सरळच ठेवायची, वळवायचा असेल तर कागद वळवायचा. डावखुरं लेकरू असेल तर त्याला त्याच्या हाताला सोयीच्या टोकापासून चिरा देऊ द्या.

आता कागद उघडून सपाट पसरायचा, खडूच्या रेघा वर येतील असा. पुस्तकांत आधी नळी करून मग आत दुसरी नळी घालायला सांगतात. दुसरीच्या लेकराला ते जमत नाही, नळी सारखी घरंगळते. मी सगळं सपाट असतानाच करून घेते. १८ सेंटिमीटर उंचीचा आणि कार्डाएवढ्याच लांबीचा पिवळा पतंगी कागद घ्यायचा. त्याची वरची कड कार्डाच्या वरच्या कोऱ्या पट्टीला चिकटवायची आणि खालची कड खालच्या. कार्ड २१ चं आणि आतला कागद १८ चा, त्यामुळे कापलेल्या पट्ट्या आपोआप फुगून बाहेर येतात. लेकरांना हा क्षण फार आवडतो. ती ओरडतात, “मॅडम, पोट आलं!” मग दोन्ही टोकं एकमेकांवर आणून चिकटवायची आणि शंभर अंक मोजेपर्यंत दाबून धरायची. खाली उरलेल्या पतंगी कागदाच्या झिरमिळ्या, वर कार्डाच्या पट्टीचा कान.

वाळला की दोन तळहातांत धरून हळूच दाबा. कंदील चपटा होतो, वहीत जातो, आणि बाहेर काढून फुंकर घातली, बोटानं जरा सरळ केला की पुन्हा उभा राहतो.

एक गोष्ट मी लेकरांना आणि न्यायला येणाऱ्या प्रत्येक आईला बजावते. या कंदिलात पणती किंवा मेणबत्ती ठेवायची नाही. उसाच्या फडाजवळची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, चटया, ताडपत्री आणि पाचटाची असते, एका ठिणगीचं काम. कोपीच्या तोंडाशी पूर्वेच्या बाजूला टांगला तर सकाळचं ऊन पिवळ्या कागदातून येतं. रात्री मोबाईलची बॅटरी आत धरली तरी उजळतो.

वर्गात दिवाळी न करणाऱ्या घरची दोन लेकरं आहेत. त्यांनीही कंदील केले, रंग आपल्या मनानं निवडले. तो घरी टांगायचा की नाही, ते त्यांचं घर ठरवेल.

पणती

ही मागं राहणाऱ्यांसाठी, आजीच्या उंबऱ्यावर ठेवायला. कुंभाराकडून कोऱ्या पणत्या आणून आदल्या दिवशी दोन-तीन तास पाण्यात भिजवायच्या, मग पूर्ण वाळवायच्या. भिजवल्यानं माती कमी तेल पिते. ओल्या पणतीवर रंग धरत नाही. रंग फक्त बाहेरून, काठापासून एक बोट सोडून. आतून आणि वातीच्या तोंडाशी काही लावायचं नाही. गेरूचा हात देऊन त्यावर खराट्याच्या काडीनं पांढरे ठिपके. कुंचल्यापेक्षा काडी बरी, रंग ओघळत नाही.

हाताचं पत्र

माझ्या मते चार दिवसांतलं सगळ्यात मोलाचं काम हे आहे, आणि याला लागतो फक्त एक कागद.

कागद दुमडून कार्ड करायचं. आत लेकरानं आपला एक हात ठेवून दुसऱ्या हातानं त्याच्याभोवती रेघ काढायची. पाच बोटांत पाच गोष्टी लिहायच्या, प्रत्येक बोटात एकच शब्द, आणि तळहातात एक वाक्य. जे मागं राहणार ते आईबापाला लिहितात, जे जाणार ते आजीला किंवा वर्गमैत्रिणीला. “आईला पत्र लिहा” म्हटलं की फळ्यावरचं एकच वाक्य २२ वेळा येतं. म्हणून मी प्रश्न विचारते. तुझी वेणी आता कोण घालील? शेळीला किती पिलं झाली? रात्री कोणाशेजारी झोपशील? भाजी कोणती आवडते? ज्याला अजून लिहिता येत नाही तो सांगतो, मी पाटीवर लिहिते आणि तो पाहून उतरवतो. तेही नको वाटलं तर चित्र.

शुद्धलेखन सुधारत नाही. गेल्या वर्षी एकानं तळहातात लिहिलं होतं, ‘शेळीला दोन पिलं हायेत काळं माझं’. त्यात मी स्वल्पविरामसुद्धा घातला नाही. ते त्याच्या आईपर्यंत त्याच्या आवाजात पोचायला हवं. बाहेरच्या बाजूला अंगठ्याच्या ठशांची फुलं, खाली नाव आणि तारीख. तारीख विसरू नका. लेकरांचे हात वाढतात, आणि काही आया ही पत्रं जपून ठेवतात.

वाटप

वस्तू शेवटच्या दिवशी पोषण आहारानंतर, हात धुऊन झाल्यावरच द्या. खिचडीचे हात कागदाला लागले की मुंग्या येतात. चपटा कंदील आणि पत्र वर्तमानपत्राच्या घडीत घालून गणिताच्या वहीत ठेवायला सांगा, ती सगळ्यात जाड असते.

पण गाडी काही शाळेच्या वेळापत्रकावर सुटत नाही. मुकादमाचा, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्याचा, निरोप आला की दुसऱ्या दिवशी पहाटे घर रिकामं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी, रद्दी कापून झाली की, मी पत्रं लिहून घेते. मधल्या सुट्टीत एखादी आई फाटकाशी येऊन लेकराला हाक मारते. कंदील तेव्हा अर्धाच असतो. कापलेलं कार्ड आणि त्याचा पतंगी कागद घडी करून मी लेकराच्या हातात देते, आणि सांगते, कोपीवर भात शिजला की चार शितं घे आणि कडेला चोळून चिकटव. शितांनी चिकटवणं आम्ही रद्दीच्या दिवशी सगळ्यांनी एकदा करून पाहिलेलं असतं.