जुना जपानी वस्तरा विकत घेताना काय पाहावे

हाताने घडवलेला पारंपरिक जपानी वस्तरा, म्हणजेच कामिसोरी, दुमडत नाही. त्याचे पाते आणि दांडा सलग एकाच तुकड्याचे असतात आणि दांड्यावर बहुधा वेताची पट्टी गुंडाळलेली असते. मात्र केवळ आकारावरून निर्णय घेऊ नये, कारण फेदरसारख्या कंपन्यांचे बदलत्या पात्यांचे वस्तरेही याच घाटाचे मिळतात. खरी ओळख धातूत असते. लोहार मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा थर तापवून, ठोकून एकजीव करतो, म्हणून पाते उजेडात तिरपे धरले की धारेकडचे पोलाद आणि मागचे लोखंड यांच्यामधली, बहुतेकदा किंचित वेडीवाकडी अशी सीमारेषा दिसते. शिवाय पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात.

दांड्यावरील शिक्क्यांत कारागिराचे नाव किंवा ‘स्वीडनचे पोलाद’, ‘तामाहागाने’ असे शब्द आढळतात. तामाहागाने हे लोहवाळूपासून गाळलेले पारंपरिक पोलाद असल्याने त्याची किंमत फार चढते. तरीही माझ्या मते शिक्क्यापेक्षा पात्याच्या अवस्थेला अधिक महत्त्व द्यावे. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंची आणि धारेची जवळून घेतलेली छायाचित्रे आवर्जून मागावीत. वरवरचा गंज निघतो, परंतु धारेलगत गंजाने पाडलेले खड्डे किंवा चीर असल्यास तो वस्तरा घेऊ नये. निसण्यावर वारंवार घासून पाते अरुंद झाले असेल, तर कठीण पोलाद किती उरले आहे हे आधी तपासावे.