डिफ-लॉक हवेवरचा, विजेवरचा की केबलचा? ठरवताना या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली लाल माती एकदा भिजली की साबणासारखी होते. एक चाक चरीत, दुसरं अधांतरी, अशी जीप अडकली की साधा डिफ्रेन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा संच, हात टेकतो. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. अधांतरी चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून टेकलेल्या चाकाच्याही वाट्याला काही येत नाही. डिफ-लॉक, म्हणजे त्याचा लॉक, टाकला की दोन्ही चाकं बरोबर फिरतात. उसाची ट्रॉली ओढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्याच्या टाचेखाली लॉकचं पॅडल असतंच.

जीपला लॉक बसवताना मात्र आपण लॉकचे दाते किती मजबूत याची चौकशी करतो आणि तो टाकायचा-काढायचा कशाने, हे दुकानदारावर सोडतो. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. दाते क्वचित तुटतात. दगा देते ती नळी, वायर नाहीतर केबल.

माझ्या गाडीला हवेवरचा लॉक आहे, कॉम्प्रेसरची हवा नळीतून जाऊन तो टाकते. बसवणाऱ्याने नायलॉनची नळी सायलेन्सरच्या अगदी जवळून नेली होती आणि मी खाली वाकून पाहिलं नव्हतं. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे मामांच्या शेताकडे जाताना बटण दाबलं, दिवा लागला, तरी एकच चाक चिखल उडवत राहिलं. मामा बाहेर उभे होते. म्हणाले, ‘‘अरे, तुझा तो पंप बंदच होईना की!’’ तेच खरं लक्षण होतं. टाकी भरली की कॉम्प्रेसर थांबायला हवा. तो थांबत नसेल किंवा दर मिनिटाला पुन्हा सुरू होत असेल तर हवा कुठेतरी गळते आहे. नळी वितळून टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं होतं. जवळ जोडणीचा तुकडा नव्हता, म्हणून शेवटी मामांच्या ट्रॅक्टरने ओढून काढलं. तेव्हापासून हातभर जादा नळी आणि दोन जॉइंट सीटखाली असतात.

हवेच्या लॉकची गळती साबणाच्या पाण्याने सापडते. प्रत्येक जॉइंटवर पाणी लावा, बुडबुडे दिसतील. बाहेर कुठेच बुडबुडे नाहीत आणि डिफ्रेन्शियलच्या ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) ऑइल बाहेर येतंय, तर हवा आतल्या ओ-रिंगपाशी (रबरी कडीपाशी) सुटते आहे. ते काम वाटेवर होत नाही, हौसिंग उघडावं लागतं. कॉम्प्रेसर उंचावर, पाण्यापासून आणि टर्बोच्या उष्णतेपासून दूर बसवा. नळीला ॲक्सल खाली-वर होण्याइतकी ढील ठेवा.

विजेचा लॉक निवडताना त्याचा प्रकार आधी विचारा. एकात विद्युतचुंबक असतो, लॉक टाकलेला असेपर्यंत त्याला करंट लागतो. बारीक वायर, गंजलेलं अर्थिंग किंवा थकलेली बॅटरी असेल तर तो नेमका चढावर सुटतो. मीटर लावायचा तो लॉक टाकलेल्या अवस्थेत, ॲक्सलजवळच्या कनेक्टरवर. नुसतं बॅटरीवर बारा व्होल्ट दिसून काही कळत नाही. दुसऱ्या प्रकारात छोटी मोटर लॉक लावणारा आतला काटा सरकवते. ती वर्षभर पडून राहिली, त्यात ओलावा शिरला, की जाम होते. आमच्याकडच्या पावसात हे हमखास घडतं.

केबलच्या लॉकला ना कॉम्प्रेसर लागतो ना वायरिंग. फोर्स गुरखाचे पुढचे-मागचे लॉक लिव्हरनेच टाकतात. केबलला तीव्र वळण देऊ नका आणि तिच्या टोकाच्या रबरी बूटवर लक्ष ठेवा. पाणी शिरलं की लिव्हर जड होतो आणि मग लोक जोराने ओढून केबल ताणतात. तरीही दूरच्या वाटेवर एकटं जाणाऱ्याला मी केबलच सुचवेन. तुटली तर डोळ्यांना दिसते आणि ब्रॅकेट किंवा केबलचं टोक बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या लेथवर करून मिळतं. विद्युतचुंबकाची कॉइल तशी मिळत नाही. ज्याच्या सोबत नेहमी दुसरी गाडी असते आणि ज्याला टायरमध्ये हवाही भरायची असते, त्याने हवेवरचाच घ्यावा.

२०२० नंतरच्या काही थारमध्ये मागचा लॉक चाक घसरलं की आपोआप लागतो. त्याला बटण नसतं, ते शोधत बसू नका.

वापरतानाची मोठी चूक म्हणजे चाक जोरात फिरत असताना लॉक टाकणं. आधी थांबा, लॉक टाका, मग हळू पुढे सरका. दाते जुळायला चाकं थोडी फिरावी लागतात. डांबरावर येण्याआधी लॉक काढा. निघत नसेल तर ॲक्सलमध्ये ताण बसलेला आहे. थोडं मागे-पुढे व्हा, स्टिअरिंग सरळ करा. पुढचा लॉक लागलेला असताना स्टिअरिंग फार जड होतं आणि गाडी नीट वळत नाही, म्हणून घाटातल्या वळणावर तो नकोच.

आणि डॅशबोर्डच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो बटण दाबल्याचं सांगतो, लॉक लागल्याचं नाही. महिन्यातून एकदा सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला ठेवा. लॉक टाकून एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर लॉक लागला. उलट फिरलं तर नळी, वायर किंवा केबल तिथेच तपासायला घ्या.