टेलिमेट्री लावताय? युझरचा विश्वास घालवणाऱ्या या चुका टाळा

ठाण्यातल्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या महापे, ऐरोली, बेलापूरपर्यंत किती छोट्या छोट्या सॉफ्टवेअर टीम बसल्यात बघा, कुणी वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या गाळेवाल्यांसाठी बिलिंग बनवतंय, कुणी सोसायटीच्या गेटचं ॲप, कुणी नौपाड्यातल्या डॉक्टरांसाठी अपॉइंटमेंटचं, आणि ह्या सगळ्यांच्या ॲपमध्ये आज ना उद्या टेलिमेट्री, म्हणजे ॲप कसं वापरलं जातंय याची माहिती आपोआप आपल्या सर्व्हरवर पाठवणारी सोय, येतेच. यायलाच पाहिजे, माझा त्याला अजिबात विरोध नाहीये. ॲप कुठे क्रॅश होतंय, कुठलं बटण कोणी दाबतच नाही, चार वर्षं जुन्या फोनवर स्क्रीन उघडायला किती वेळ लागतो, हे कळल्याशिवाय सॉफ्टवेअर सुधारणार कसं? लोक चिडतात ते न विचारता घेतल्यावर, आणि विचारल्यासारखं दाखवून घेतलं तर त्याहून जास्त. गाळेवाल्याला टेलिमेट्री हा शब्द माहीत नसेल, पण आपल्या मागे काहीतरी चाललंय एवढं कळलं की तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचं ॲप टाकतो आणि शेजारच्या चार गाळ्यांना सांगतो ते वेगळंच.

म्हणून या चुका लिहितोय, आणि जिथे जमेल तिथे दुरुस्ती पण.

विचारायच्या आधीच डेटा गेलेला असतो

ही सगळ्यात कॉमन. टीमने प्रामाणिकपणे परमिशनची स्क्रीन बनवलेली असते, मराठीत बनवलेली असते, आणि तरी ती स्क्रीन दिसायच्या आधीच ॲप उघडल्याची नोंद सर्व्हरवर पोचलेली असते. कारण बहुतेक ॲनालिटिक्सचे एसडीके, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे तयार कोडचे संच, ॲप सुरू झालं की स्वतःहून चालू होतात, तुम्ही एक ओळ कोड लिहिली नाही तरी. फायरबेस (गूगलची ॲप बनवणाऱ्यांसाठीची सेवा) वापरत असाल तर अँड्रॉइडच्या मॅनिफेस्टमध्ये आणि आयफोनसाठी इन्फो-प्लिस्टमध्ये (दोन्ही ॲपच्या सेटिंगच्या फाइल) कलेक्शन बंद ठेवायची सेटिंग आहे, ती आधी लावा, आणि युझरने हो म्हटल्यावरच कोडमधून चालू करा. क्रॅशचे रिपोर्ट पाठवणाऱ्या क्रॅशलिटिक्सचंही तसंच, फक्त तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा की कलेक्शन बंद असताना झालेले क्रॅश फोनवर साठून राहतात आणि नंतर चालू केलं की ते पण जातात. म्हणजे युझरने आज हो म्हटलं आणि मागच्या आठवड्याचं पण गेलं. हो म्हणायच्या आधीचं नको असेल तर न पाठवलेले रिपोर्ट पुसायची सोय त्यात आहे, ती वापरा.

एकाच टिकमध्ये सगळं कोंबणं

"नियम व अटी मान्य आहेत" या एका चौकोनात बिलिंगची सर्व्हिस, वापराचा डेटा, मार्केटिंगचे मेसेज, कॉन्टॅक्ट लिस्ट, सगळं. हे नव्या कायद्यातही बसत नाही. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट आला त्यात सरळ म्हटलंय की संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामासाठी, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीने दिलेली पाहिजे, आणि त्या कामाला लागतो तेवढाच डेटा घ्यायचा. कायद्यातच उदाहरण दिलंय, टेलिमेडिसिनचं ॲप कॉन्टॅक्ट लिस्टची पण परवानगी मागतं आणि युझर दोन्हीला हो म्हणतो, तरी ती संमती डॉक्टरच्या सर्व्हिसपुरतीच धरायची कारण कॉन्टॅक्ट लिस्टची त्या कामाला गरजच नाही. नौपाड्यातल्या क्लिनिकचं ॲप बनवणाऱ्यांनी हे उदाहरण प्रिंट काढून भिंतीला लावावं असं मला मनापासून वाटतं.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे "बघू नंतर" म्हणणारे खूप भेटतात. पण मुदत कायद्याची आहे, तुमच्या युझरने तुम्हाला कुठलीच मुदत दिलेली नाहीये.

आणि आधीच टिक करून ठेवलेला चौकोन तर नकोच. युरोपच्या कोर्टाने १ ऑक्टोबर २०१९ ला प्लॅनेट ४९ या कंपनीच्या केसमध्ये सांगून टाकलं की ही संमती नाही. "हो" चं बटण मोठं हिरवं आणि "नको" कुठेतरी फिकट राखाडी अक्षरात, किंवा नको म्हटलं तर दर दोन दिवसांनी परत विचारायचं, याला आपल्याकडे डार्क पॅटर्न म्हणतात, ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने गाइडलाइन काढून असे १३ प्रकार सांगितलेत, सतत मागे लागणं पण त्यात आहे. दोन्ही बटणं सारखी ठेवा, एवढं सोपं आहे.

भाषेचं पण बघा. कायद्यानुसार नोटीस इंग्लिशमध्ये किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, त्यात मराठी आहेच. पण "आपल्या अनुभवात वृद्धी करण्यासाठी माहिती संकलित केली जाते" असलं मराठी वाचून कोणाला काय कळणार? असं लिहा: "ॲप बंद पडलं तर कुठल्या स्क्रीनवर बंद पडलं ते आम्हाला कळतं. तुमची बिलं, गिऱ्हाइकांची नावं, रकमा आमच्याकडे येत नाहीत. नको असेल तर ॲप पूर्ण चालेल." माझी एक कसोटी आहे, सर्व्हरला जाणारं प्रत्येक फील्ड त्या दुकानदारासमोर बसून मोठ्याने वाचून दाखवता आलं पाहिजे, आणि जे वाचताना जीभ अडखळते ते फील्ड काढून टाकायचं.

"आमचा डेटा ॲनॉनिमस आहे"

हे वाक्य जितक्या सहज लिहिलं जातं तितकं ते खरं नसतं, आणि इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय कारण चांगले चांगले डेव्हलपर इथे फसतात.

समजा तुम्ही मोबाईल नंबर पाठवत नाही, त्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे गणिताने बनवलेला सांकेतिक ठसा, पाठवता. हॅश उलटा फिरवता येत नाही हे बरोबर आहे, पण इथे उलटा फिरवायची गरजच नाही. भारतातले मोबाईल नंबर १० आकडी, ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. साध्या गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डवर तेवढे सगळे हॅश काही मिनिटांत काढून जुळवता येतात. तेव्हा नंबरचा हॅश म्हणजे नंबरच. त्याऐवजी ॲप टाकताना एक रँडम आयडी बनवा जो नंबर, ईमेल, आयएमईआय (फोनचा स्वतःचा क्रमांक) कशाशीच जोडलेला नाही, आणि तो ठरावीक काळाने बदलत राहा.

दुसरं, नाव नाही म्हणून माणूस ओळखता येत नाही असं नाही. संशोधक लटान्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या जनगणनेच्या आकड्यांवरून २००० साली दाखवलं होतं की झिप कोड (तिथला पिनकोड), जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून तिथले साधारण ८७ टक्के लोक एकमेव ठरतात. आता घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या गेट ॲपचा विचार करा, टॉवर, मजला आणि गेटमधून आत आल्याची वेळ एवढं असलं की त्या मजल्यावरचे चार फ्लॅट, त्यात रात्री दोनला येणारा एकच, हे वॉचमनसुद्धा सांगेल. वेळ तासावर गोल करा, मजला टाकूच नका.

एकत्र केलेला डेटा पण सुरक्षित असतोच असं नाही. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये धावणाऱ्यांच्या मार्गांचा हीटमॅप (जास्त वापरलेले मार्ग जास्त उजळ दाखवणारा नकाशा) टाकला, कोणाचंही नाव नव्हतं, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्यात परदेशातल्या लष्करी तळांवरचे रस्ते उजळून दिसतायत.

एरर मेसेजमधून घरचं सगळं बाहेर

इव्हेंटची, म्हणजे युझरने काय केलं त्या नोंदींची, नावं सगळे तपासतात, एररचा मजकूर कोणी बघत नाही. "ग्राहक अमुक तमुक, मोबाईल अमुक, सेव्ह झाला नाही" असा मेसेज कोडमध्ये असेल तर क्रॅश रिपोर्टबरोबर गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर गेलाच. विंडोजवर फाइलच्या पाथमध्ये युझरचं नाव असतं. वेब ॲप असेल तर यूआरएलमध्ये पेशंटचा नंबर असतो. सर्च बॉक्समध्ये लोक काय वाट्टेल ते टाइप करतात, क्लिनिकच्या ॲपमध्ये तर आजाराचं नावच. उपाय असा की काय पाठवायचं नाही याची यादी करत बसू नका, काय पाठवायचं त्याची यादी करा, बाकी सगळं फोनवरच अडवा. सर्व्हरवर आल्यावर पुसू म्हणणाऱ्यांचा डेटा तोवर लॉगमध्ये आणि बॅकअपमध्ये जाऊन बसलेला असतो. आयपी ॲड्रेस पण तसाच, ॲपने पाठवला नाही तरी वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये येतो, तिथे जाऊन बंद करावा लागतो.

स्विच बंद, डेटा चालू

युझरने सेटिंगमध्ये बंद केलं आणि तरी जातंय, हे बहुतेक वेळा मुद्दाम नसतं. रांगेत साठलेले इव्हेंट नेट आल्यावर निघतात, किंवा पेमेंट, चॅट, नकाशा यासाठी घेतलेल्या दुसऱ्या एसडीकेला तुमचा स्विच माहीतच नसतो, किंवा अपडेट झाल्यावर सेटिंग परत मूळ जागी येते. मार्च २०२० मध्ये झूमच्या आयफोन ॲपमधला फेसबुकचा एसडीके डिव्हाइसची माहिती पाठवतोय हे बाहेर आलं तेव्हा त्यांना तो काढावा लागला होता, तेव्हा तुम्ही काय लिहिलंय एवढंच बघून भागत नाही, तुम्ही कोणाला आत घेतलंय ते पण बघा.

हे शोधायचं कसं, तर मिटमप्रॉक्सी किंवा चार्ल्स (ॲपमधून काय बाहेर जातंय ते दाखवणारी साधनं) लावा, स्विच बंद करा आणि ॲप पूर्ण वापरून बघा. अँड्रॉइड ७ पासून ॲप तुम्ही टाकलेलं सर्टिफिकेट आपोआप मानत नाही, त्यामुळे डीबग बिल्डमध्ये (तपासणीसाठीच्या आवृत्तीत) नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये ते मान्य करावं लागतं, नाहीतर काहीच दिसत नाही आणि माणूस समजतो सगळं ठीक आहे. नवीन फोन, अपडेट केलेला फोन, आणि नेट बंद करून परत चालू केलेला, तिन्ही बघा. रिलीजच्या आधी दर वेळी. आणि हे करतानाच टेलिमेट्रीचा सर्व्हर ब्लॉक करून पण बघा, काही ॲप तिथेच गोल फिरत बसतात.

विचारायला लागल्यावर आकडे पडले

पडणारच, कारण काही जण नको म्हणतात. घाबरू नका. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के इकडेतिकडे चालत असेल तर साधारण ३८५ जणांचा रँडम नमुना पुरतो, १ टक्क्याच्या आत आणि ९९ टक्के खात्रीने हवं असेल तरी साडेसोळा हजारांच्या आसपास. सगळ्यांचा सगळा डेटा लागतो हा गैरसमज आहे. फक्त हो म्हणणारे लोक सगळ्यांसारखे नसतात, कमी किमतीच्या फोनवाले, वयस्कर दुकानदार त्यात कमी येतात, त्यांच्यासाठी वाशीला मार्केटमध्ये जाऊन तासभर गाळ्यावर बसा, जे तिथे दिसतं ते डॅशबोर्डवर येत नाही.

गो या प्रोग्रामिंग भाषेच्या टीमचं उदाहरण मला फार आवडतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या टीमच्या रस कॉक्स यांनी प्रस्ताव मांडला तेव्हा टेलिमेट्री आपोआप चालू राहणार होती, लोकांनी जोरदार आक्षेप घेतला, आणि त्यांनी तो बदलला. ऑगस्ट २०२४ च्या गो १.२३ मध्ये आकडे आपल्याच मशीनवर राहतात, तुम्ही स्वतः कमांड देऊन चालू केलंत तरच वर जातात. ऑडासिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरचं २०२१ मधलं प्रकरण उलटं, तिथे परवानगी विचारणार होते तरी लोक भडकले, कारण डेटा गूगल आणि रशियातल्या यांडेक्सकडे जाणार होता आणि कंपनी नुकतीच बदलली होती. शेवटी तो बेत सोडावा लागला. म्हणजे "घेऊ का" एवढं विचारून होत नाही, "कोणाकडे जाणार" हे पण सांगावं लागतं.

युझरने पकडलं तर

"ही इंडस्ट्रीची स्टँडर्ड पद्धत आहे" हे उत्तर देऊ नका. ऑक्टोबर २०१७ मध्ये वनप्लसच्या फोनमधून आयएमईआय, फोन नंबर, वायफायची नावं जातायत हे एका इंजिनिअरने दाखवलं, तेव्हा कंपनीला सेटअपमध्ये विचारायचं आणि फोन नंबर, वायफायची माहिती घेणं बंद करायचं कबूल करावं लागलं. हे आधी करता आलं असतं. तक्रार आली तर त्याच दिवशी सर्व्हरवरून कलेक्शन थांबवता येईल असा रिमोट स्विच आधीच ठेवा, कुठली फील्ड कधीपासून गेली ती यादी लेखी द्या, आणि पुसा, ॲनालिटिक्स कंपनीकडचं पण.

आणि फोन उचलणाऱ्या सपोर्टच्या मुलांना हे सगळं माहीत हवं. एपीएमसीतले काका फोन करून विचारतात, "अहो, माझा हिशोब तुमच्याकडे दिसतो का?" तेव्हा सपोर्टच्या मुलावर सीनियरला विचारून सांगतो असं म्हणायची वेळ येऊ नये, काय जातं, कुठे जातं, किती दिवस राहतं आणि सेटिंगमध्ये कुठे जाऊन बंद करायचं, हे त्याला कागद न बघता सांगता आलं पाहिजे.