थोडक्या पैशांत लोहारकामाची तयारी

लोहारकाम शिकायचं ठरवलं की बहुतेक जण परदेशातले व्हिडिओ बघतात. शिंगवाली मोठी ऐरण, गॅसची भट्टी, डझनभर सांडशा, सगळ्याची किंमत काढतात आणि आकडा बघून तिथेच थांबतात. त्याआधी रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या एखाद्या घिसाडी कुटुंबाचं काम नीट बघून घ्या. जमिनीत खणलेली लहानशी भट्टी, हाताने फिरवायचा पंखा, लाकडात रोवलेली चौकोनी ऐरण, सांडशी, हातोडा आणि घण. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, बाई घण घालते, आणि एवढ्या सामानावर विळे, खुरपी, कुऱ्हाडी, पहारींची टोकं सगळं होतं. मी पुढे जे सांगतोय ते याच बेताने. लोहाराची बरीचशी हत्यारं लोहारालाच घडवता येतात, त्यामुळे विकत घ्यायच्या वस्तू फार थोड्या उरतात. त्या मात्र निवडून घ्यायच्या.

सगळ्यात आधी जागा बघा, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि तिच्यावाचून बाकी सगळं अडतं. कोळशाच्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून बंद खोली, फ्लॅटची गॅलरी, शटर ओढलेलं गॅरेज, यातलं काहीही चालणार नाही. वर छप्पर आणि किमान दोन बाजू मोकळ्या, अशी पडवी किंवा शेड हवी. छप्पर पावसासाठी तर हवंच, पण त्याहून महत्त्वाची आहे सावली. लोखंड किती तापलं हे रंगावरून ओळखायचं असतं आणि भर उन्हात लालभडक लोखंडसुद्धा काळंच दिसतं. खाली माती असेल तर उत्तम. फरशी किंवा सिमेंट असेल तर भट्टीच्या आणि ऐरणीच्या भोवती मातीचा थर पसरा. शेजारी किती लांब आहेत तेही बघा, ठणठणाट बराच लांब जातो.

आता ऐरण. नवशिक्यांचे सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात. स्वस्तात मिळणाऱ्या, रंग मारलेल्या, सुबक शिंगाच्या ऐरणी बऱ्याचदा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात. बीड ठिसूळ. त्यावर घाव घातला की आवाज बद्द येतो, हातोडा वर उसळत नाही आणि कडा टवके निघून जातात. दिसायला ऐरण नसली तरी चालेल, पण पोलाद हवं, आणि घाव पडतो त्या जागेच्या बरोबर खाली वजन हवं. साधारण हिशेब असा की हातोड्याच्या किमान वीसपट ऐरण असावी. एक किलोचा हातोडा धरला तर वीस किलो झाले. पोलादाचं वजन काढणं सोपं आहे: दहा सेंटिमीटर लांब, रुंद, उंच असा ठोकळा पावणेआठ किलोच्या थोडा वर भरतो. म्हणजे त्याच जाडीचा पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर उंच ठोकळा उभा रोवला की आपलं काम झालं. घाव घालायला दहा सेंटिमीटरचा चौकोन पुरेसा आहे, कारण एका वेळी हातोड्याच्या तोंडाएवढीच जागा वापरात असते.

असा ठोकळा मिळतो कुठे? भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास जी भंगाराची दुकानं आहेत तिथे. मोठ्या राऊंड बारचे, शाफ्टचे कापून उरलेले तुकडे किलोच्या भावाने मिळतात. ‘ईएन ८’, ‘ईएन ९’ किंवा ‘ईएन २४’ या पोलादाच्या प्रतींतला तुकडा आहे असं दुकानदाराने सांगितलं तर सोडू नका. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहात असाल तर देखभालीत निघालेला शाफ्ट, ट्रॅक्टरचा किंवा ट्रकचा एक्सल बघा. खात्री करायला खिशात बेअरिंगची एक गोळी ठेवा. ती वीतभर उंचीवरून ठोकळ्यावर सोडा. चांगल्या पोलादावर ती टणकन उडी मारते, दुसरी मारते, तिसरी मारते. बिडावर किंवा चिरलेल्या तुकड्यावर ती मलूल होऊन बसते.

रेल्वेच्या रुळाचा तुकडा वापरा, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. तुकडा कामाचा असतो यात शंका नाही. आपल्याकडचा रूळ मीटरला 52 किंवा 60 किलो असतो, म्हणजे फूटभर तुकडा सोळा-अठरा किलो भरतो, आणि तो आडवा न ठेवता उभा रोवला तर लहान ऐरणीचं काम चोख करतो. पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दल 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. चोरीचा असल्याचा संशय आला तर तो कायदेशीर मार्गाने आल्याचं तुम्हाला दाखवावं लागतं. रेल्वेच्या लिलावातून आलेला आहे आणि पावती मिळतेय, तरच घ्या. पावती नसेल तर फुकट मिळाला तरी हात लावू नका.

यातलं काहीच मिळालं नाही तर जुन्या बाजारातून घणाचं मोठं डोकं घ्या, पाच किलोचं किंवा त्याहून जड. एक तोंड वर ठेवून ते ओंडक्यात पक्कं बसवा. वजनाला ते कमी पडेल, पण आकडे, खिळे, छोटी छिन्नी एवढं त्यावर बिनदिक्कत होतं. ओंडका चिंचेचा मिळाला तर बघा. खाटीक ठोकळ्यासाठी चिंच वापरतात ती काही उगीच नाही, ती सहजी चिरत नाही. ओंडक्याचा तिसरा भाग जमिनीत पुरा, वरच्या कडेला लोखंडी पट्टी आवळा. उंची अशी ठेवा की सरळ उभं राहून हात खाली सोडला, मूठ मिटली, तर बोटांची पेरं ऐरणीच्या माथ्याला टेकावीत. उंची चुकली की महिन्याभरात कंबर किंवा खांदा बोलायला लागतो.

भट्टीला विटा आणि माती पुरे. चिकणमाती, राख आणि थोडी जाड वाळू एकत्र मळा. त्याने विटांच्या आत वीतभर रुंद, चार-पाच बोटं खोल अशी खळगी लिंपा आणि सावलीत सावकाश वाळू द्या. घाईने तापवलीत तर आतलं पाणी वाफ होऊन लिंपण उडतं. नदीतले गोटे आणि सिमेंटचे ठोकळे आगीजवळ नकोत, त्यांत मुरलेलं पाणी तापलं की ते फुटतात. एक-सव्वा इंची लोखंडी पाइप बाजूने आत घ्या, तोंड खळगीच्या तळाच्या जरा वर ठेवा. पीव्हीसीचा पाइप लांबच्या टोकाला जोडायला हरकत नाही, आगीकडचा हातभर भाग मात्र लोखंडीच हवा. पाइप जस्त चढवलेला म्हणजे जीआयचा घेऊ नका. कारण पुढे येतंच आहे.

हवेसाठी माझं मत स्पष्ट आहे: हाताने फिरवायचा पंखा घ्या. विजेचा ब्लोअर सोपा वाटतो, पण तुम्ही ऐरणीवर असता तेव्हाही तो कोळसा खात राहतो, आणि जास्त हवा लागली की लोखंड जळतं. हातपंख्यावर आगीचा अंदाज लवकर येतो. विजेचाच घेतलात तर पाइपला पत्र्याची सरकती झडप लावा, म्हणजे हवा कमी-जास्त करता येईल. दगडी कोळसा वापरत असाल तर काम थांबवताना पंखा पाइपपासून सुटा करा. भट्टीतला वायू उलटा पाइपात साठतो आणि पुन्हा पंखा सुरू केला की भडका उडू शकतो.

सुरुवातीला लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसाच बरा. तो लवकर पेटतो, त्यात गंधक नसतो, कीट जवळजवळ धरत नाही आणि धूर थोडा. जळतो मात्र भराभर, म्हणून पोतं पुरवून वापरावं लागतं. कोळसा अक्रोडाएवढा फोडून घ्या, चुरा चाळून बाजूला ठेवा. कोकणात असाल तर करवंटीचा कोळसा विचारून बघा, तो चांगला कडक जळतो. लोखंड पाइपाच्या तोंडासमोर ठेवायचं नाही. तिथे कोरी हवा लागते आणि त्यावर खपल्या धरतात. पाइपाच्या वर, निखाऱ्यांच्या पोटात, वरून चार बोटं कोळशाचं पांघरूण, अशी जागा धरायची.

हातोड्याबद्दल थोडक्यात. आठशे ग्रॅम ते एक किलो, एक तोंड सपाट आणि दुसरं आडव्या पाचरीसारखं. नवा घेण्यापेक्षा जुन्या बाजारातलं डोकं घ्या आणि बाभळीचा दांडा बसवून घ्या. दांड्याचे रेषे लांबीला सरळ गेलेत ना, ते आवर्जून बघा. तोंड किंचित फुगीर घासा, कडांची धार मारा, नाहीतर प्रत्येक घावागणिक लोखंडावर चंद्रकोरी उठतील. जड हातोडा घेतला की काम लवकर होईल असं वाटतं, पण मनगट आधी थकतं आणि थकलेल्या हाताने घाव वाकडा पडतो.

सांडशी पहिल्या दिवशी लागतच नाही. दोन फूट लांबीचा गज घ्या, एक टोक तापवा, दुसरं हातात धरा. सहा इंची तुकडे कापून मग ते धरायला सांडशी शोधण्यात काही हशील नाही. तरीही एक सांडशी गावातल्या लोहाराकडून घडवून घ्या, बोटभर जाडीचा गज पक्का धरणारी. ती होत असताना शेजारी बसा, कुठे तापवतो, कुठे दाबतो, भोक केव्हा पाडतो ते बघा आणि मागितलेले पैसे घासाघीस न करता द्या. या पैशात शिकवणीसुद्धा आली. दुसरी सांडशी स्वतः करायची, वीस बाय सहा मिलिमीटरच्या पट्टीला पीळ देऊन.

गजासाठी ग्रिल-गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जा. दहा-बारा मिलिमीटरच्या चौकोनी बारचे उरलेले तुकडे तिथे पडलेले असतात. हे मऊ लोखंड, माइल्ड स्टील, शिकायला हेच हवं. बांधकामाची टीएमटी सळई आकड्यांना चालेल. धारेच्या वस्तूंना मात्र ती नको, तिचा कडकपणा बाहेरच्या थरात पाणी मारून आणलेला असतो आणि भट्टीत तापली की तो जातो. धारेसाठी ट्रकच्या कमानीचा पाटा घ्या, त्यात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो. झिजलेल्या कानशी टाकू नका, त्यांत एक टक्क्याच्या वर कार्बन असतो. ओळख पटत नसेल तर ग्राइंडरवाल्याकडे नेऊन ठिणग्या बघा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. कार्बन जास्त असेल तर त्या आखूड होतात आणि टोकाशी फुलबाजीसारख्या फुटतात. बिडाच्या मळकट लाल आणि जवळच विझणाऱ्या.

जस्त चढवलेलं काहीही भट्टीत घालायचं नाही. जीआय पाइप, पत्रा, चकचकीत नटबोल्ट, सगळं बाहेर. जस्त 907 अंशांना उकळतं आणि घडाईचा पिवळा रंग त्याच्या बराच वर, हजार-अकराशे अंशांच्या घरात असतो. त्या पांढऱ्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, छाती दाटते. क्रोमचा मुलामा आणि जुना रंग यांनाही हाच नियम.

अंगावर सुती कपडे. नायलॉन, टेरिकॉट यांच्यावर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतात. पायात बंद चामडी बूट, पँटचे पाय बुटांच्या बाहेरून खाली सोडलेले. डोळ्यांना चष्मा पहिल्या घावापासून हवा, कारण खपल्या तापलेल्या असतात आणि त्या सरळ तोंडाकडे उडतात. कानांत बोळे. चामडी हातमोजा फक्त लोखंड धरणाऱ्या हाताला आणि तो कोरडा, ओल्या मोज्यात वाफ कोंडून हात भाजतो. काळं दिसणारं लोखंड थंड असेलच असं नाही, म्हणून उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब बघायची सवय लावा. या सगळ्याचे पैसे आधी बाजूला काढा, मग भंगारात जा.

पाण्याला पंधरा किलोचा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. शेजारी वाळूची बादली. पाट्याच्या पोलादाला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करायचं, तर पाण्यात नको, ते तडकू शकतं. तळणाचं उरलेलं गोडं तेल गाळून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वापरण्याआधी कोमट करा. तेलाने पेट घेतला तर लगेच झाकण टाकायचं, त्यावर पाणी ओतायचं नाही. इंजिनचं काळं तेल फुकट मिळतं, पण त्याचा धूर वाईट, ते घेऊ नका. तारेला एक लोहचुंबक टांगून ठेवा. साधारण 770 अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं, त्याहून जरासं पुढे गेलं की तेलात बुडवायची वेळ. मग कानशीने एक बाजू चकचकीत करून हलक्या आचेवर शेकायचं. पृष्ठभागावर गव्हाच्या काडीचा पिवळा रंग चढला की थांबायचं.

ग्राइंडर, वाईस, ड्रिल हे सगळं नंतर. एक बारा इंची जाड दात्यांची कानस आणि करवत एवढ्यावर पहिले काही महिने निघतात. पैसे साठले तर आधी लेग वाईस शोधा, जुनीच, कारण तिचा पाय जमिनीला टेकतो आणि ती हातोड्याचे घाव सोसते. बेंचवरची साधी वाईस बिडाची असते, तिच्यात लोखंड धरून ठोकलं की ती जाते.

पहिल्या दिवशी एकच काम ठेवा: गजाला चौकोनी निमुळतं टोक काढायचं आणि त्याचा भिंतीचा आकडा वळवायचा. पिवळा रंग असेल तोवर मारायचं, मळकट लाल झाला की परत भट्टीत. पाच-सहा आकडे सारखे यायला लागले की पाट्याच्या तुकड्याची गरम लोखंड तोडायची छिन्नी करा, मग पंच, मग सांडशी. भंगारातून आणलेल्या प्रत्येक तुकड्यावर आणल्या दिवशीच खडूने नाही, रंगाने खूण करा, मऊ असेल तर पांढरी आणि पाट्याचं असेल तर लाल. कापताना खुणेचं टोक शेवटी उरेल अशा बाजूने कापा.