फौजेतून प्रो बॉक्सिंगला येताय? आधी वजनकाटा समजून घ्या

अग्निवीर म्हणून गेलेली बहुतेक पोरं चार वर्षांनी बाहेर पडणार, त्यातल्या युनिटच्या टीममधून बॉक्सिंग खेळलेल्या पोरांचे मला आत्तापासूनच फोन यायला लागलेत. "दादा, प्रो खेळायचंय, होईल का?" प्रो म्हणजे पैसे घेऊन खेळायचं व्यावसायिक बॉक्सिंग. होईल. पण मी जिथं पडलो तिथं तुम्ही पडू नका, म्हणून हे लिहितोय. मी पंधरा वर्षं सर्व्हिस करून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि मग प्रोमध्ये पाच फाईट खेळलो, दोन जिंकल्या तीन हरलो. जॅब, फूटवर्क, रोडवर्क तुम्हाला येतंच, ते सांगत बसत नाही.

आधी अमेरिकन बॉक्सर जमेल हेरिंगचं करिअर बघा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा पोरगा, २००३ ला अमेरिकेच्या मरीन या सैन्यदलात भरती झाला, इलेक्ट्रिशियन होता, २००५ आणि २००७ असा दोनदा इराकला जाऊन आला. मरीनच्या टीममधून खेळत खेळत २०१२ ला लंडन ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या बॉक्सिंग टीमचा कॅप्टन झाला आणि तिथं पहिल्याच फाईटला कझाकस्तानच्या येलेउसिनोव्हकडून हरला. त्याआधी २००९ मध्ये त्याची दोन महिन्यांची मुलगी झोपेतच गेली होती, तारीख २७ जुलै, आणि लंडनचं उद्घाटनही २७ जुलैलाच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो. युद्धातून आलेल्या पीटीएसडीबद्दलही, म्हणजे मनावर बसलेल्या धक्क्याच्या आजाराबद्दलही, तो उघड बोलतो. आपल्याकडं फौजी माणूस रात्री झोप लागत नाही हे बायकोलासुद्धा सांगत नाही. तुमचं असं होत असेल तर आधी डॉक्टरकडं जा, रिंग कुठं पळून जात नाही.

लंडननंतर, २०१२ च्याच डिसेंबरमध्ये तो प्रो झाला, पहिल्या पंधरा फाईट जिंकला, २०१६ ला हरला, २०१७ ला परत हरला. तेव्हा तो १३५ पौंडांच्या वजनगटात खेळायचा. मग १३० ला उतरला आणि २५ मे २०१९ ला फ्लोरिडात किसिमीला जपानच्या मासायुकी इतोला पॉइंटवर हरवून डब्ल्यूबीओ या प्रो बॉक्सिंगच्या संघटनेचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, वयाच्या ३३ व्या वर्षी. त्यानं गुरू बदलला, मेहनत केली, ते सगळं आहेच. पण त्या पाच पौंडांकडं, म्हणजे सव्वादोन किलोकडं, नीट बघा, कारण माझं सगळं तिथंच चुकलं.

अमॅच्युअरमध्ये, म्हणजे आपण युनिटकडून खेळतो त्या हौशी बॉक्सिंगमध्ये, ज्या दिवशी फाईट त्याच दिवशी सकाळी वजन होतं, त्यामुळं फार वजन उतरवून कुणी येत नाही, आलाच तर संध्याकाळी पाय चालत नाहीत. प्रोमध्ये वजन आदल्या दिवशी होतं. मधे पूर्ण एक दिवस मिळतो. त्या एका दिवसात समोरचा पाणी, मीठ, साखर, भात घालून चार-पाच किलो परत भरतो. म्हणजे काट्यावर दोघं ६३.५ किलो आणि रिंगमध्ये तुम्ही ६४ नि तो ६९.

मला हे कुणी सांगितलं नाही. मी सर्व्हिसला ६४ किलोत खेळायचो, तेच वजन प्रोमध्ये घेतलं, सकाळचा नाष्टा सोडला आणि काट्यावर उभा राहिलो. समोरच्या पोराचे ओठ फुटलेले, गालफडं आत गेलेली, मला वाटलं हा उद्या उभाच राहत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर खांदे भरलेले, चेहरा टवटवीत. दुसऱ्या राउंडला क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना मिठी मारून धरल्यावर, त्यानं माझ्या मानेवर सगळा भार टाकला, भरलेलं पोतं टाकावं तसा, आणि चौथ्या राउंडला माझे पाय जमिनीतून उचलेनात. डोक्याला हेडगार्ड नाही, हातात आठ औंसाचे ग्लव्हज, प्रत्येक ठोसा थेट हाडाला लागतो. फाईटनंतर त्यानंच सांगितलं, सकाळी एकोणसत्तर होतो म्हणून.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. पुढच्या फाईटला ६१ चं वजन घेतलं आणि शेवटच्या तीन दिवसांत प्लास्टिकचा सूट घालून, पाणी बंद करून चार किलो उतरवलं. तिसऱ्या राउंडला मला समोरचा धूसर दिसत होता आणि रेफरीनं थांबवलं ते बरं केलं. हे कधीही करू नका. अंगातलं पाणी आटलेलं असताना डोक्यावर मार खाणं जिवावर बेततं, यात मर्दानगी काही नाही.

वजन आठ-दहा आठवडे आधीपासून जेवणातून उतरवायचं. रोज सकाळी उठल्यावर वहीत आकडा लिहायचा. आणि कुठलं वजन घ्यायचं ते फाईट कबूल करायच्या आधी ठरवायचं, फोनवर "हो सर" म्हणून टाकल्यावर नाही. आपल्याला "हो सर"ची सवय असते आणि मॅचमेकरला, म्हणजे फाईट जुळवणाऱ्याला, ती चांगली माहीत असते.

गुरूबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्यानं स्वतः किंवा ज्याच्या पोरांनी आठ-दहा राउंडच्या फाईट केल्यात त्याच्याकडंच जा. आपले युनिटचे उस्ताद देवमाणसं, पण ते तीन राउंडचा खेळ शिकवतात. हेरिंग ब्रायन मॅकिन्टायर या गुरूच्या कॅम्पला गेला, टेरेन्स क्रॉफर्डसारखा वर्ल्ड चॅम्पियन माणूस तिथं शेजारी घाम गाळत होता.

पोरं मला लिऑन स्पिंक्सचं उदाहरण देतात, तोही मरीनच, १९७६ चं ऑलिंपिक गोल्ड आणि १९७८ च्या फेब्रुवारीत आठव्याच प्रो फाईटला मुहम्मद अलीला हरवलं. खरंय. पण त्याच सप्टेंबरला अलीनं बेल्ट परत घेतला, हेही लक्षात ठेवा.

वयाची मात्र काळजी करू नका. बहुतेक जण पंचविशीच्या आसपास बाहेर पडताय, हेरिंगनं सत्ताविसाव्या वर्षी सुरुवात केली.

माझा भाचा सध्या माझ्याकडंच राहून सराव करतोय. परवा त्याला पहिल्या फाईटचा फोन आला, ६३.५ ला, दहा दिवसांवर. मी नाही म्हणायला लावलं. दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, पण आज सकाळी काट्याशेजारची वही उघडून बघितली तर आकडा लिहिलेला होता, ६५.२.